खडूस म्हातारा आणि परका पोरगा : चार चित्रपटांपैकी कोणता निवडावा?

एखाद्या तिरसट, एकट्या म्हाताऱ्याच्या गळ्यात कुणाचा तरी परका मुलगा येऊन पडतो, दोघांचे आधी मुळीच पटत नाही, पुढे पटू लागते आणि शेवटी म्हातारा थोडाफार माणसांत येतो. या ठरीव कथासूत्रावर जगभर इतके चित्रपट निघाले आहेत की सुट्टीच्या संध्याकाळी घरच्या मंडळींना घेऊन बसायचे ठरवले, तर त्यांतला नेमका कोणता लावावा हा प्रश्न खरोखरच पडतो. जाहिरातींतली वर्णने वाचून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण ती सगळ्यांची एकाच साच्यातली असतात. दिग्दर्शक म्हाताऱ्याच्या खडूसपणाला किती गांभीर्याने घेतो, मुलाला स्वतःचे मन दिले आहे की म्हाताऱ्याला सुधारण्यापुरतेच त्याला कथेत आणले आहे, आणि हसू व रडू यांचे प्रमाण कोणी कसे सांभाळले आहे, यांवर खरा फरक ठरतो.

या आढाव्यासाठी मी चार चित्रपट घेतले आहेत : अमेरिकेतला ‘सेंट व्हिन्सेंट’ (२०१४), न्यूझीलंडमधला ‘हंट फॉर द वाइल्डरपीपल’ (२०१६), चेक भाषेतला ‘कोल्या’ (१९९६) आणि पुन्हा अमेरिकेतलाच ‘द होल्डओव्हर्स’ (२०२३). चारही चित्रपटांत म्हातारा आणि मुलगा यांच्यात रक्ताचे नाते नाही, आणि ही अट मी मुद्दाम घातली आहे. आजोबा आणि नातू यांच्या नात्यावर आपल्याकडे संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आहे आणि तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. पण आजोबांचा नातवावर जीव असणार हे तिथे गृहीतच असते आणि प्रश्न उरतो तो मुलाच्या आजाराचा. परक्या मुलाच्या बाबतीत असे काहीच गृहीत धरता येत नाही. म्हाताऱ्याने दार लावून घेतले तरी त्याला कोणी नावे ठेवणार नसते, म्हणून तो दार उघडतो तेव्हा त्या कृतीला वेगळे वजन येते.

पिक्सारचा ॲनिमेशनपट ‘अप’ (२००९) मी तुलनेत घेतलेला नाही, कारण बहुतेक घरांत तो पाहून झालेला आहे. ७८ वर्षांचा कार्ल आणि आठ वर्षांचा रसेल यांची ती गोष्ट लहान मुलांसाठी आजही पहिली निवड ठरावी. सुरुवातीची काही मिनिटे कार्ल आणि एली यांचा संसार एकाही संवादाशिवाय ज्या रीतीने दाखवला आहे, त्या मोजमापाने पाहिले तर पुढचे चारही चित्रपट बोलघेवडे वाटतात. सात-आठ वर्षांचे मूल सोबत असेल तर पुढचे वाचण्याची गरज नाही, ‘अप’ लावावा. क्लिंट ईस्टवूड यांचा ‘ग्रॅन टोरिनो’ (२००८) याच जातीचा म्हणून अनेकदा सुचवला जातो, पण तो विनोदाच्या अंगाने जाणारा नाही आणि त्याचा शेवट हिंसेच्या सावलीत होतो, म्हणून तोही बाजूला ठेवला आहे.

व्यवहारापासून मायेपर्यंत

चारही कथांची सुरुवात व्यवहाराने किंवा सक्तीने होते, आणि निवड करताना मला हाच धागा सर्वांत उपयोगी वाटतो. व्हिन्सेंट शेजारणीच्या मुलाला सांभाळण्याचे तासावर पैसे लावतो. ‘कोल्या’तला लौका पैशांसाठी एका रशियन स्त्रीशी कागदोपत्री लग्न करतो आणि तिचा मुलगा त्याच्याकडे राहून जातो. वाइल्डरपीपलमधल्या हेकला मुलगा नकोच असतो, त्याच्या बायकोने हौसेने घरात आणलेला असतो. होल्डओव्हर्समधल्या पॉल हनम या शिक्षकांना, एका बड्या बापाच्या मुलाला नापास केल्याची शिक्षा म्हणून, नाताळच्या सुट्टीत वसतिगृहात मागे उरलेल्या मुलांवर लक्ष ठेवायला बसवलेले असते. या देण्याघेण्याचे मायेत रूपांतर केव्हा होते आणि कशाने होते, हे ज्याने घाई न करता दाखवले तो चित्रपट मनात टिकतो. ज्याने घाई केली तो पाहताना गोड वाटतो, पण आठवडाभरात त्यातले काही आठवत नाही.

सेंट व्हिन्सेंट

थिओडोर मेल्फी यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या शीप्सहेड बे या भागात घडतो. व्हिन्सेंट मॅकेना हा व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक आता दारू, घोड्यांच्या शर्यती, उधारी आणि एक मांजर यांच्या सोबतीने दिवस काढतो आहे. शेजारी मॅगी राहायला येते ती त्याच्याशी भांडणानेच, कारण सामान आणणाऱ्या गाडीच्या धक्क्याने झाडाची फांदी मोडून त्याच्या मोटारीवर पडते. ती रुग्णालयात स्कॅन काढणाऱ्या यंत्रावर काम करते, नवऱ्यापासून वेगळी झाली आहे, कामाच्या वेळा लांबलचक आहेत, आणि नव्या शाळेच्या पहिल्याच दिवशी तिच्या ऑलिव्हरचा फोन आणि घराच्या किल्ल्या दांडगट मुलांनी पळवल्यामुळे तो व्हिन्सेंटच्या दारात येऊन उभा राहतो.

बिल मरे यांच्यासाठी हा चित्रपट पाहावा, असे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. मात्र त्याचे कारण विनोदाचा अचूक ठेका एवढेच नाही. मरे येथे प्रेक्षकाची मनधरणी करत नाहीत. ऑलिव्हरला ते गवताचे पातेही नसलेल्या अंगणात गवत कापण्याचे यंत्र फिरवायला लावतात, आणि मुलगा नुसत्या धुळीत मुकाट्याने ते यंत्र ढकलत राहतो. या दृश्यात मुलाबद्दल दयेचा सूर नाही आणि म्हाताऱ्याला लबाडीने गोड केल्याचीही खूण नाही. शर्यतीच्या मैदानावर आणि दारूच्या गुत्त्यात मुलाला बरोबर घेऊन जाणे, नाक कसे फोडायचे ते शिकवणे, या गोष्टी व्हिन्सेंट सद्हेतूने करत नाही. त्याला स्वतःला जिथे जायचे असते तिथे तो जातो आणि मुलगा बरोबर असतो, इतकेच.

चित्रपटातला सर्वांत चांगला भाग मात्र वेगळाच आहे. व्हिन्सेंटची पत्नी सँडी हिला स्मृतिभ्रंश झाला असून ती शुश्रूषागृहात राहते आणि नवऱ्याला ओळखत नाही. तो डॉक्टरचा पांढरा कोट अंगात घालून तिला भेटायला जातो, डॉक्टर म्हणूनच तिच्याशी दोन शब्द बोलतो आणि तिचे कपडे धुऊन नेऊन देतो. ज्याच्या घरात भांडी आठवडाभर पडून असावीत अशी अवकळा आहे, तो माणूस दुसऱ्या कुणाचे तरी कपडे नेमाने धुतो, ही गोष्ट कोणत्याही संवादाशिवाय कळते. खडूसपणाच्या तळाशी काय आहे हे सांगायला तेवढे पुरेसे होते.

मेल्फी यांना ते पुरेसे वाटले नाही, आणि तिथून हा चित्रपट घसरतो. कॅथलिक शाळेतल्या शिक्षकाने मुलांना आपल्या भोवतालच्या संतमाणसांवर काम करायला दिलेले असते, आणि ऑलिव्हर व्यासपीठावर उभा राहून व्हिन्सेंटचे सगळे गुण एकामागून एक वाचून दाखवतो. जे आपण स्वतः पाहिले होते तेच आपल्याला पुन्हा समजावून सांगितले जाते. डोळे भरून येतात हे मान्य केले पाहिजे, परंतु ते भाषणामुळे येतात, आधीच्या पाऊण चित्रपटाने कमावलेले नसतात. वसुलीला आलेला सावकार झुको हा धागा व्हिन्सेंटला पक्षाघाताचा झटका येताच कुठल्या कुठे नाहीसा होतो. नाओमी वॉट्स यांनी रंगवलेली डाका ही गरोदर रशियन वेश्या तिच्या उच्चारांच्या नकलेतच अडकून पडते. मेलिसा मॅकार्थी यांनी मात्र हुकमी विनोदी लकबी बाजूला ठेवून दमलेल्या आईचे काम अतिशय संयमाने केले आहे. शाळेत मुलाविषयी बोलता बोलता तिचा बांध फुटतो तो प्रसंग मरे यांच्या कोणत्याही दृश्याइतकाच ताकदीचा आहे. १०२ मिनिटांच्या या चित्रपटाला अमेरिकेत पीजी-१३ (तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारे) प्रमाणपत्र आहे. शिव्या, दारू, जुगार आणि डाकाचा व्यवसाय या सर्व गोष्टी उघडपणे येतात, तेव्हा आजी-आजोबा आणि दहा वर्षांचे नातवंड एकत्र बसणार असतील तर थोडे अवघड होईल.

हंट फॉर द वाइल्डरपीपल

न्यूझीलंडचे दिग्दर्शक टायका वायटीटी यांनी बॅरी क्रम्प यांच्या १९८६ सालच्या कादंबरीवरून हा चित्रपट केला. अनाथालये आणि पालक-घरे फिरून आलेला १३ वर्षांचा रिकी बेकर बाल कल्याण खात्याच्या बाईंसोबत रानाच्या कडेला असलेल्या एका शेतघरापाशी येतो, घराभोवती एक फेरी मारतो आणि एक शब्दही न बोलता परत गाडीत जाऊन बसतो. एवढ्यात त्याचा सगळा स्वभाव कळतो. घरातली बेला त्याला मायेने ठेवून घेते. पहिल्या रात्री तो पळून जातो आणि सकाळी जेमतेम दोनशे मीटरवर झोपलेला सापडतो. ती त्याला रागावत नाही, न्याहारी करून मग हवे तर पुन्हा पळ असे सांगते. रोज रात्री त्याच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते. रिमा ते वियाटा यांनी बेलाचे काम इतके ओसंडून केले आहे की तिचे अचानक जाणे प्रेक्षकालाही घरातल्या माणसाच्या जाण्यासारखे लागते.

उरतो तो तिचा नवरा हेक, ज्याने या मुलाकडे आजवर पाहिलेसुद्धा नाही आणि जो त्याला ‘अंकल’ म्हणू देत नाही. खाते मुलाला परत नेणार म्हटल्यावर मुलगा रानात पळतो, हेक त्याला शोधायला जातो, पाय मोडून अडकतो आणि म्हाताऱ्याने मुलाला पळवून नेले असे समजून साऱ्या देशात त्यांचा शोध सुरू होतो. सॅम नील यांनी हेक अगदी कोरडा ठेवला आहे. त्याचा खडूसपणा शब्दांतून कमी आणि न बोलण्यातून अधिक दिसतो, आणि त्याला लिहिता-वाचता येत नाही हे मुलाला कळते तेव्हा त्या मौनाला एक नवे कारण मिळते. रिकीच्या भूमिकेतला ज्युलियन डेनिसन हा या चारही चित्रपटांतला सर्वांत जिवंत मुलगा आहे. तो हायकू (तीन ओळींच्या जपानी धर्तीच्या कविता) रचतो, रॅप गायकांची स्वप्ने पाहतो, कुत्र्याला टुपाक या रॅप गायकाचे नाव देतो आणि म्हाताऱ्याच्या तिरसटपणाला कधीच घाबरत नाही.

येथे मायेचा हिशेब कुणी भाषण करून पूर्ण करत नाही. रानात राहायचे तर एकाला शिकार आणि वाटा माहीत आहेत, दुसऱ्याला वाचता येते; देवाणघेवाण चालू राहते आणि त्या देवाणघेवाणीतूनच नाते तयार होते. शेवटाकडे हेकनेही एक हायकू रचलेला असतो, आणि त्यात माया हा शब्द नसूनही बाकी सगळे असते. दोष सांगायचे तर उत्तरार्धातला पाठलाग नको तितका ताणला आहे आणि खात्याच्या बाई पॉला यांचे व्यंगचित्र करण्याच्या भरात त्यांच्यातला माणूस हरवला आहे. पालकांनी तीन गोष्टी आधी माहीत करून घ्याव्यात : रानडुकराच्या शिकारीचे रक्तबंबाळ दृश्य आहे, एक कुत्रा मरतो, आणि मुलाच्या अर्धवट बोलण्याचा शिकारी लोक भलताच अर्थ काढतात असा एक द्व्यर्थी प्रसंग आहे. इंग्रजी उच्चार न्यूझीलंडचे असल्याने इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवणे बरे.

कोल्या

चारांतला हा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत खोल चित्रपट. यान स्व्हेराक यांनी दिग्दर्शन केले, त्यांचे वडील झ्देन्येक स्व्हेराक यांनी पटकथा लिहिली आणि मुख्य भूमिकाही केली. १९९७ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. काळ १९८८-८९, ठिकाण तेव्हाच्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातले प्राग. फ्रान्तिशेक लौका हा एके काळी देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वाद्यवृंदात चेलो वाजवणारा कलावंत राजकीय कारणांवरून बाहेर फेकला गेला आहे आणि आता दहनगृहात अंत्यसंस्काराच्या वेळी वाजवून, थडग्यांवरची पुसट झालेली अक्षरे पुन्हा रंगवून पोट भरतो. पन्नाशी उलटली तरी त्याने लग्न केलेले नाही. बायकांना फोन करून घरी बोलावणे हा त्याचा नित्यक्रम आहे. कर्ज डोक्यावर आहे, मोटार घ्यायची आहे, आणि पैसे मिळतात म्हणून तो देशात राहण्याचे कागद हवे असलेल्या एका रशियन स्त्रीशी लग्न लावतो. ती लगेच पश्चिम जर्मनीत निघून जाते, तिच्या मुलाला सांभाळणारी म्हातारी आजारी पडून मरते, आणि पाच वर्षांचा कोल्या लौकाच्या दारात पोचतो.

दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नाही. म्हाताऱ्याच्या मनात तर रशियन माणसांबद्दल अढी आहे, कारण १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे त्याच्या देशात शिरले आणि सैन्य तिथेच राहिले. गावी आईच्या घरी नेताना मुलगा रशियन आहे हे त्याला लपवावे लागते, यावरून ती अढी किती सार्वत्रिक होती हे लक्षात येते. बाकी तीन चित्रपटांत म्हातारा चिडका आहे तो स्वभावाने किंवा दुःखाने. येथे त्याच्या चिडण्यामागे एका राष्ट्राचा इतिहास आहे, आणि समोर उभा असलेला मुलगा त्या इतिहासाला सर्वस्वी निर्दोष आहे. हा पेच इतर कोणत्याही चित्रपटात नाही.

आणि तरीही चित्रपट हसवतो. दहनगृहात रोज बसून मुलाने तेच जग आपलेसे केलेले असते, म्हणून तो कठपुतळ्यांच्या खेळण्यातल्या रंगमंचावर अंत्यविधीचा खेळ मांडतो. न्हाणीत बसून तो शॉवरचा फवारा कानाला लावतो आणि गेलेल्या आजीशी फोनवर बोलावे तसे बोलतो. दाराबाहेर उभा राहून लौका ते ऐकतो. मला सर्वांत जवळचा वाटलेला प्रसंग याच्या पुढचा आहे. मुलाला झोपेच्या वेळी गोष्ट हवी असते आणि लौकाला रशियनमधून गोष्ट सांगता येत नाही, तेव्हा तो आपल्या ओळखीच्या एका बाईला रात्री फोन लावतो आणि तिला रशियन गोष्ट सांगायला लावून रिसीव्हर मुलाच्या कानाशी धरतो. ज्या फोनवरून तो आजवर स्वतःसाठी बायकांना बोलवत आला, तोच फोन आता या कामाला लागतो. व्यवहाराची माया कशी होते, याचे इतके नेमके दृश्य मला दुसरीकडे आढळलेले नाही, आणि त्यावर चित्रपटात कुणीही काही भाष्य करत नाही.

सुरुवातीला मुलाला सरकारी संस्थेच्या स्वाधीन करण्याच्या खटपटीत असलेला लौका पुढे त्याच यंत्रणेपासून त्याला लपवत फिरतो, आणि तेवढ्यात नोव्हेंबर १९८९ उजाडून राजवटच कोसळते. या चित्रपटाची सर्वांत कठोर आणि सर्वांत सुंदर गोष्ट अशी की ज्या स्वातंत्र्याची लौका आयुष्यभर वाट पाहत होता, त्याच स्वातंत्र्यामुळे मुलाची आई परत येऊ शकते. शेवट यापेक्षा अधिक उघड करत नाही. अडचणी दोन आहेत. चेक आणि रशियन संवाद उपशीर्षकांवरूनच समजून घ्यावे लागतात, त्यामुळे मोबाइल हाताळत पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. आणि पूर्वार्धात लौकाच्या बाहेरख्यालीपणाला बराच वेळ दिला आहे, जो मुलांसोबत पाहताना खटकेल.

द होल्डओव्हर्स

अलेक्झांडर पेन यांचा हा चित्रपट १९७० च्या नाताळात, मॅसॅच्युसेट्समधल्या बार्टन नावाच्या कल्पित निवासी शाळेत घडतो. प्राचीन इतिहास शिकवणारे हनम विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना सारखेच नकोसे झालेले आहेत, आणि पॉल जियामाटी यांनी त्यांचा तुसडेपणा पांडित्याच्या आडून इतका बारकाईने उभा केला आहे की अशा एखाद्या शिक्षकांची आठवण आपल्यापैकी अनेकांना होईल. अँगस टली हा मुलगा येथे लहान नाही, मिसरूड फुटलेला आणि हुशार आहे, आणि त्यामुळे नाते सांभाळणारा व सांभाळलेला असे राहत नाही. दोघेही एकमेकांचे वर्म ओळखतात. डॉमिनिक सेसा हा ज्या शाळांत चित्रीकरण झाले त्यांपैकीच एका शाळेचा विद्यार्थी होता आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट, हे पाहताना खरे वाटत नाही.

व्यवहाराचा धागा येथे फार रेखीव आहे. मुलाचा खांदा निखळतो तेव्हा हनम यांची नोकरी जाऊ नये म्हणून मुलगा रुग्णालयात खोटे बोलतो, आणि सत्यनिष्ठेचा आग्रह धरणारे हनम अस्वस्थ होतात. त्या खोट्याची परतफेड शेवटी काय रूपात होते, ते पाहण्यासाठी २ तास १३ मिनिटे बसण्याची तयारी हवी. मधला काही भाग संथ आहे. भाषा शिवराळ असल्याने अमेरिकेत त्याला आर (सतराखालच्या मुलांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश देणारे) प्रमाणपत्र मिळाले. मुलांसोबत पाहण्याचा तो नाही.

बाईंचे काय होते

चारही चित्रपट जवळजवळ ठेवून पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. म्हातारा आणि मुलगा एकत्र यावेत म्हणून कथेला प्रत्येक वेळी एखादी बाई बाजूला करावी लागते. सँडी स्वतःला विसरलेली आहे, बेला मरते, कोल्याची आई दुसऱ्या देशात जाते. ‘अप’मधली एलीही आठवणीतच राहते. मॅगी आहे, पण ती कामावर असते, आणि ती कामावर असल्यामुळेच गोष्ट घडते. या चित्रप्रकाराची ही खरी मर्यादा आहे, आणि ती ओलांडण्याचा गंभीर प्रयत्न फक्त ‘द होल्डओव्हर्स’ने केला आहे. शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख मेरी लँब हिचा मुलगा त्याच शाळेत शिकला, पण पुढे महाविद्यालयाचा खर्च झेपला नाही म्हणून सैन्यात गेला आणि व्हिएतनाममध्ये मारला गेला. त्याच शाळेतल्या श्रीमंतांच्या मुलांना मात्र तसे जावे लागत नाही. डेव्हाइन जॉय रँडॉल्फ यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. गरोदर बहिणीच्या घरी जाऊन ती आपल्या गेलेल्या मुलाचे तान्हेपणीचे कपडे खणात एकेक करून ठेवते, ते दृश्य या चित्रपटाचे केंद्र मानावे इतके मोलाचे आहे. हनम आणि अँगस दोघेही आपापल्या दुःखात गुरफटलेले असताना ती शेजारच्या खोलीत आहे, हे दिग्दर्शक विसरत नाही.

निवड करताना

दहा-अकरा वर्षांपुढची मुले आणि मोठी माणसे एकत्र बसणार असतील तर ‘हंट फॉर द वाइल्डरपीपल’ लावावा. तीन पिढ्या एकाच वेळी हसतील असा या चारांतला तो एकच आहे, आणि मुलाच्या बाजूने गोष्ट सांगणाराही तोच. इतर तिघांत मन म्हाताऱ्याच्या बाजूने कललेले असते. डुकराच्या शिकारीच्या वेळी धाकट्यांचे डोळे झाकावे लागतील, एवढेच.

दिवसभराच्या कामानंतर फार विचार न करता दोन तास चांगल्या अभिनयात घालवायचे असतील, आणि सोबत मोठी माणसे किंवा कॉलेजची मुले असतील, तर ‘सेंट व्हिन्सेंट’ निराश करणार नाही. शेवटच्या भाषणाबद्दल माझा आक्षेप कायम आहे, पण डॉक्टरच्या कोटातले मरे पाहण्यासाठी ते भाषण सहन करावे. ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश झालेले माणूस आहे त्यांनी मात्र हे कथानक आधी जाणून घेऊन मगच बसावे, कारण ती दृश्ये विनोदाच्या मध्येच, कसलीही चाहूल न देता येतात.

‘द होल्डओव्हर्स’ मी शिक्षकी पेशातल्या मंडळींना आणि ज्यांची मुले घरापासून दूर शिकायला आहेत अशा आईवडिलांना सुचवेन. तो एकट्याने किंवा दोघांनी पाहण्याचा आहे, आणि मध्ये न थांबता पाहण्याचा आहे, कारण त्याचा पूर्वार्ध जे हळूहळू साठवतो ते उत्तरार्धात बॉस्टनच्या प्रवासात एकदम उपयोगाला येते.

आणि एकच चित्रपट पाहायचा असेल, सोबत लहान मुले नसतील, उपशीर्षके वाचण्याचा कंटाळा नसेल, तर ‘कोल्या’. तो पाहण्यापूर्वी १९६८ आणि १९८९ या दोन सालांत प्रागमध्ये काय घडले, याची दहा मिनिटे माहिती करून घेतली तर लौकाच्या खिडकीत लावलेले झेंडे, चौकीतली उलटतपासणी आणि चौकात किल्ल्या वाजवणारी गर्दी यांचा अर्थ आपोआप लागत जाईल. ही तयारी न करताही मुलगा आणि म्हातारा यांची गोष्ट कळते. तयारी केली तर त्या मुलाला घरात ठेवून घेणे त्या माणसाला किती जड गेले असेल, हेही कळते.